नको म्हटलं की नको

"घ्या," मुजावर सर म्हणाले आणि त्यांनी डबा आमच्या बाकासमोर धरला.

डब्यात शेंगदाण्याचे लाडू होते. गुळाचा वास मागच्या भिंतीपर्यंत गेला असणार. पहिल्या बाकावर मी आणि माझी मैत्रीण शालन. सकाळचं कॉलेज, पोटात चहाशिवाय काही नाही, आणि तरी आम्ही दोघी एका सुरात म्हणालो, "नको सर."

"बरं," म्हणून सर पुढच्या बाकाकडे गेले.

तिथंही नको. त्याच्या मागंही नको. मुलांच्या बाजूला बाळू जानकर म्हणून एक पोरगा होता, कॅन्टीनमध्ये दुसऱ्याच्या बशीतली भजी उचलणारा. तोसुद्धा मान खाली घालून म्हणाला, "नको सर, आत्ताच खाऊन आलोय." सर परत टेबलाशी गेले, खुर्चीवर बसले आणि त्यांनी आमच्यादेखत एक लाडू खाल्ला. मग दुसरा. हसावं की नाही तेही कुणाला कळेना.

"काय झालं?" सरांनी विचारलं. "तुम्हीच नको म्हणालात ना?"

"पण सर, तुम्ही परत विचारलंच नाही!" बाळू इतक्या कळवळून म्हणाला की वर्ग हसून हसून आडवा झाला. शेजारच्या वर्गातले सर दारातून डोकावून गेले.

मुजावर सर त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या विट्याच्या कॉलेजात नवीन आले होते. मी एफ.वाय.ला. समाजशास्त्र घेतलं होतं ते कशासाठी म्हणाल, तर अर्थशास्त्रात गणितं असतात असं कुणीतरी सांगितलं म्हणून. हा विषय काय असतो ते मला माहीत नव्हतं, आणि आधीच्या सरांनी सांगितलेल्या व्याख्यांवरून ते कळण्याची आशाही नव्हती.

"आता खरं सांगा," सर म्हणाले. "कुणाकुणाला खरंच नको होता?"

एका मुलीचा हात वर आला. तिची दाढ दुखत होती.

"मग बाकीचे खोटं का बोललात?"

"खोटं नाही सर," शालन म्हणाली, "तसं म्हणायचं असतं."

"कुणी शिकवलं? पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा 'कशाला' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा हात पुढं करायचा, हे घरात कुणी पाटावर बसवून शिकवलं होतं?"

कुणीच शिकवलं नव्हतं, आणि येत मात्र सगळ्यांना होतं. सर हात झटकत उठले. "हाच आपला विषय. पुस्तक सावकाश उघडू. आजपासून आठ दिवस एक करायचं. कुणीही नको म्हणालं की ते नको समजायचं. परत विचारायचं नाही. लिहायचं काही नाही, नुसतं बघायचं काय होतंय."

"सर, घरात मार बसेल," मागून कुणीतरी म्हणालं.

"बसला तर का बसला ते बघा."

मग त्यांनी डबा परत फिरवला. या वेळी एकही नको आलं नाही.

मी जन्माची चौकस. आई म्हणायची, हिला विस्तव दाखवला तर ही आधी विचारील, किती गरम आहे. असल्या मुलीच्या हातात सरांनी हे कोलीत दिलं, आणि तेही नेमकं त्या आठवड्यात.

कारण त्या आठवड्यात आमच्या घरी अक्काच्या लग्नाचं चाललं होतं. अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. नाव कुमुदिनी. गावातच डी.एड. करत होती, पहिलं वर्ष चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि दुसरं चालू होतं. आटपाडीचं स्थळ आलं होतं. मुलगा सांगलीत नोकरीला, घरची बागायत, खाऊनपिऊन सुखी माणसं. अट एकच. मुलाची आई अंथरुणाला खिळलेली, तेव्हा लग्न लगेच करायचं, शिक्षण बास करायचं आणि मुलीनं आटपाडीत राहायचं. बघून गेले, पसंती कळवली. येत्या रविवारी सुपारी फोडायला येणार होते. एकदा सुपारी फुटली की लग्न ठरलं, मग ब्रह्मदेव आला तरी मागं फिरता येत नाही.

पसंतीचं पत्र आलं तेव्हा अक्का म्हणाली होती, "नाना, मला नको हे."

नाना, म्हणजे आमचे वडील, खो खो हसले. "अगं, मुली नकोच म्हणतात! तुझी आई तर लग्न ठरल्यावर दोन दिवस जेवली नव्हती. विचार तिला." आईही पदर तोंडाला लावून हसली. अक्का आत निघून गेली. सगळ्यांना वाटलं, लाजली.

नानांचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा मोठं नाव होतं त्यांच्या पाहुणचाराचं. आमच्याकडून उपाशी गेलेला माणूस दाखवा, असं ते पैजेवर सांगत. पाहुणा जितका नको म्हणेल तितकं नानांना स्फुरण चढायचं. एकदा तर त्यांनी चप्पल लपवून ठेवून एका व्यापाऱ्याला जेवायला घातलं होतं. असल्या घरात मी माझा प्रयोग सुरू केला.

पहिला बळी शेजारच्या गोदाकाकू. संध्याकाळी आल्या, कट्ट्यावर टेकल्या. मी विचारलं, "काकू, चहा टाकू?"

"नको गं बाई, आत्ताच झाला."

"बरं," म्हणून मी तिथंच बसून राहिले. काकू बसल्या. पावसाचं झालं, कापसाच्या भावाचं झालं, नणंदेच्या गुडघ्याचं झालं. मधेच त्यांनी स्वयंपाकघराकडं मान लांब करून बघितलं. शेवटी उठल्या आणि आईला जाऊन म्हणाल्या, "हेमलताला बरं नाही का गं? काही बोलतच नाही." मी सगळा वेळ त्यांच्याशी बोलत होते!

आईनं मला फैलावर घेतलं. "चहा विचारायची ही पद्धत? विचारायचा कशाला मग? टाकायचा आणि आणून द्यायचा."

"पण त्या नको म्हणाल्या."

"नको म्हणाल्या म्हणजे काय नको होता?"

मला या वाक्याची अशी गंमत वाटली की मी ते झोपेपर्यंत घोळवत होते.

दुसऱ्या दिवशी उलटं करून बघितलं. शालनच्या घरी गेले. तिच्या आईनं विचारलं, "जेवतेस का गं?" आणि मी पहिल्या झटक्यात म्हणाले, "हो, वाढा." त्या माउलीचा चेहरा असा उतरला! भाकरी मोजक्याच केल्या होत्या. शालननं मला पाठीमागून असा चिमटा काढला की दोन दिवस निळं होतं. म्हणजे बघा, विचारणारीनंही माझ्या 'नको'वर भरवसा ठेवूनच विचारलं होतं. दोन्हीकडचे आपापला वाटा उचलतात तेव्हा ते गाडं चालतं. मला फार मजा यायला लागली. रोज उठून बघत असलेल्या घरात, आपल्याच माणसांत, एवढं काही चाललेलं असतं आणि ते आपल्याला दिसत नव्हतं!

तिसरी गोष्ट मात्र मजेची नव्हती. दुपारी मी नानांचा डबा घेऊन दुकानात गेले. सांगलीहून मालाची पोती आली होती आणि महादू हमाल ती उतरवत होता. तेवढ्यात कराडचे एक व्यापारी आले. नानांनी चहा मागवला. व्यापारी म्हणाले नको, तर नाना त्यांचा हात धरून बसले, "घेतल्याशिवाय सोडत नाही." चहा आला. नाना महादूकडं बघून म्हणाले, "महादू, चहा?"

"नको शेठ," महादू म्हणाला.

"बरं," नाना म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

मी तिथंच थबकले. माझा प्रयोग नाना माझ्याआधीपासून करत होते, पण माणूस बघून! बरं, नाना काही दुष्ट नव्हते. महादूच्या पोरांना दर वर्षी दप्तरं घेऊन द्यायचे. त्यांना ते दिसलंच नव्हतं एवढंच.

हे मी सरांना कॉलेजच्या व्हरांड्यात गाठून सांगितलं. सर ऐकता ऐकता थांबलेच.

"म्हणजे पाहुण्याचं नको खोटं मानतात आणि हमालाचं खरं मानतात," ते म्हणाले. "छान बघितलंस. आता पुढचं बघ. अजून कुणाचं खोटं मानतात?"

"अजून कुणाचं, सर?"

"ते मला काय माहीत? घर तुझं आहे."

रविवार उजाडला. आटपाडीहून चार माणसं आली. मुलाचे वडील होते, पण ते नावाला. सगळा कारभार मुलाच्या चुलत्यांचा, अण्णासाहेबांचा. धिप्पाड माणूस, पांढरं धोतर, भरघोस मिशी, आणि घरात आल्यापासून बैठकीतली सगळी हवा त्यांनीच घेतलेली. आधी जेवणं, मग सुपारी, असं ठरलं होतं. आई चुलीपुढं पुऱ्या तळत होती. अक्कानं नवीन साडी नेसून कोशिंबिरी वाढल्या आणि तिला आत बसवलं. बासुंदी माझ्याकडं आली. आईनं बजावलं, "हे बघ, तुझं ते कॉलेजातलं खूळ आज बाजूला ठेव. आग्रह कर."

मी केला की. पहिली वाटी सगळ्यांना भरून वाढली. दुसऱ्यांदा फिरले तेव्हा अण्णासाहेबांनी वाटीवर हात आडवा धरला. "नको, नको! बास झालं पोरी."

आता हे तुम्हाला सांगायला नको. वाटीवरचा आडवा हात म्हणजे लोटलेलं दार, कडी न घातलेलं. वाढणाऱ्यानं म्हणायचं असतं, "एवढ्यानं काय होतंय!" आणि पळी हाताच्या बाजूनं आत सारायची असते. हे मला पाचव्या वर्षापासून येत होतं. पण आठवडाभर मी जे करत होते त्यानं माझा हात बदलला होता. शिवाय खरं सांगते, ते हात काढतील तेव्हा त्यांचा चेहरा कसा होईल, हे बघायची मला भयंकर उत्सुकता वाटली.

"बरं," मी म्हणाले आणि पुढच्या पानाकडं वळले.

अण्णासाहेबांचा हात तसाच वाटीवर राहिला. मग हळूहळू त्यांनी तो काढला. वाटी रिकामी. त्यांनी ती बघितली, मग मला बघितलं, मग नानांना. आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बासुंदी बेतानंच केलेली दिसतीय."

नानांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, काय बोलताय! हंडा भरलाय! हेमे, आण इकडं, वाढ!" मी धावले. पण तोवर अण्णासाहेबांनी जेवण संपल्याचं पाणी पानाभोवती फिरवलं होतं. नानांनी हात जोडले, आईनं दारातून विनवलं. उपयोग नाही. ते पानावरून उठले. सुपारीचं ताट बैठकीत मांडून ठेवलं होतं, त्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "बघू, कळवतो," एवढंच म्हणाले आणि चौघंही एस.टी. गाठायला निघून गेले.

घरात जे झालं ते सांगत नाही. आई रडत होती, नाना येरझाऱ्या घालत होते आणि माझ्या नावानं शिमगा चालला होता. मी मागच्या दारी पळाले. तिथं अक्का भांडी घासत बसली होती आणि चक्क गुणगुणत होती.

मी बघतच राहिले. "अक्का, तुला बरं वाटतंय?"

मग हातातला तांब्या राखेनं जोरजोरात घासत म्हणाली, "मी त्या दिवशीच सांगितलं की मला नको म्हणून. मग आईला सांगितलं. मग मामा आले होते तेव्हा त्यांना सांगितलं. मामांनी माझ्या पाठीत धपाटा मारला आणि म्हणाले, लबाड! आता कुणाला सांगू? मला डी.एड. पुरं करायचंय हेमे. एवढं एक वर्ष. शाळेत शिकवायचंय मला. लग्न कधीच नको असं नाही म्हणत मी. हे नको म्हणतेय."

ती रडत नव्हती. दमली होती. मला सरांचा प्रश्न आठवला, अजून कुणाचं नको खोटं मानतात? उत्तर आठवडाभर माझ्याच घरात, माझ्याच शेजारी झोपत होतं.

मी तशीच बैठकीत गेले. "नाना, अण्णासाहेब नको म्हणाले आणि ते खरं नव्हतं, म्हणून एवढा गोंधळ झाला. अक्का कधीची नको म्हणतेय आणि ते खरं आहे, त्याचा काहीच गोंधळ कसा नाही?"

"तू तोंड उघडू नकोस!" नाना कडाडले. "तुझ्यामुळं झालंय सगळं. मुलींचं नको काय धरून बसायचं असतं? तुझी आईसुद्धा नकोच म्हणाली होती. झालं का तिचं काही वाईट?"

आई दारात डोळे पुसत उभी होती. तिचा हात थांबला.

"ते कुठलं नको होतं, तुम्हाला काय माहीत?" ती म्हणाली.

नाना वळले. "म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. कुणी विचारलं नाही तेव्हा, आता कशाला?" आणि ती आत पुऱ्या झाकायला गेली. नाना कितीतरी वेळ त्या रिकाम्या दाराकडं बघत उभे होते.

पण सोमवारी सकाळी ते आटपाडीला निघालेच. दुकानदार माणूस, शब्दाला जपणारा. पाहुणा आपल्या घरातून पान टाकून गेला हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. मला बरोबर घेतलं, कारण अपराधी मी. अण्णासाहेबांच्या पाया पडून माफी मागायची आणि मोडलेलं जुळवून यायचं. निघताना अक्का दारात आली. पुन्हा एकदा म्हणाली, "नाना, मला नको हे."

"बरं, आल्यावर बोलू," नाना पायात चप्पल सरकवत म्हणाले.

एस.टी.त ते खिडकीबाहेर बघत बसले. भिवघाट मागं गेल्यावर एकदम म्हणाले, "तुझी आई काय म्हणाली गं काल?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि परत खिडकीबाहेर बघायला लागले.

अण्णासाहेब आमची वाटच बघत होते. कट्ट्यावर दोन-चार भाऊबंद जमवून बसले होते. "मी कुठं रागावलोय?" असं म्हणत त्यांनी नानांकडून चांगली अर्धा तास माफी मागून घेतली. मी पाया पडले. तेव्हा मात्र ते मनापासून हसले. माणूस वाईट नव्हता.

"काय गं, नको म्हटलं की नको समजायचं होय?"

"मग काय समजायचं, अण्णा?" मी विचारलं. मला खरंच ऐकायचं होतं.

"अगं, पहिल्या हाकेला हो म्हणतो तो हावरा. आणि पहिल्या नकोला थांबतो तो चिक्कू. मधला जो खेळ असतो ना, त्यातच माणसाचा मान असतो. शिकशील." मग ते नानांकडं वळले. "बरं, झालं गेलं गंगेला मिळालं. मुलगी काय म्हणतीय आमची?"

नाना सरळ माणूस. तोंडातून निघून गेलं, "नको म्हणतेय."

सगळा कट्टा हसला. अण्णासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे पसंत आहे की! अहो, मुली नकोच म्हणतात. हो म्हणाली असती तर मीच विचारात पडलो असतो!"

मी नानांकडं बघितलं. शब्द न् शब्द त्यांचाच होता. हसणंसुद्धा त्यांचंच. पण नाना हसत नव्हते. आपलाच आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर माणूस कसा दचकतो, तसे ते बसले होते.

आतून सुपारीचं ताट आलं.

"राहू द्या अण्णासाहेब," नाना म्हणाले.

"राहू द्या काय? आलाच आहात तर फोडूनच टाकू."

"नको."

"अहो, राग धरू नका. आम्हीच काल जरा ताणलं."

"राग नाही. हे लग्नच नको."

अण्णासाहेबांनी नानांच्या खांद्यावर हात टाकला. "कळलं! नानाशेठ, तुम्हीपण जबरे आहात हां! काल आम्ही रुसलो, आज तुम्ही. फिटंफाट!"

"तसं नाही हो. मी खरंच नको म्हणतोय."

"बरं, मांडव आमच्या दारात. सगळी तयारी आमची. झालं समाधान?"

"नको."

"मानपान, आहेर, काही नको आम्हाला. आता तरी हसा!"

"अहो, माझी मुलगी नको म्हणतेय!"

"ते झालं की बोलून!" अण्णासाहेब म्हणाले, आणि परत सगळे हसले.

नानांच्या कपाळावर घाम आला होता. ते जितकं नको म्हणत तितका समोरच्यांना चेव चढत होता. शेवटी ते उठले. अण्णासाहेबांनी त्यांना दारापर्यंत सोडलं आणि जाता जाता लाल-पिवळ्या अक्षता लागलेली सुपारी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातली. "घरी नेऊन फोडा. घाई नाही," असं म्हणून त्यांनी आम्हाला निरोप दिला.

स्टँडवर आम्ही बाकड्यावर बसलो. नानांनी खिशात हात घातला, सुपारी बाहेर काढली आणि तळहातावर धरून बघत राहिले.

"हेमे, मी नीट बोललो ना? नको म्हणालो ना मी?"

"म्हणालात नाना."

"मग कळत कसं नव्हतं त्यांना?"

समोर विट्याची गाडी लागली, लोक चढायला लागले. मी उठले, तर नाना भलतीकडंच निघाले. "तू थांब इथं," म्हणाले आणि आल्या वाटेनं परत गेले, झपाझपा, धोतराचा सोगा हातात धरून. गाडी गेली. बऱ्याच वेळानं परत आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि आवाज बसला होता.

"दिली परत," ते म्हणाले. "कट्ट्यावर ठेवली आणि मोठ्यानं बोलून आलो. भांडण झालं. जन्मात कुणाच्या दारात असं बोललो नव्हतो. नुसतं नको म्हणून भागेना गं, शेवटी भांडावं लागलं." ते बाकड्यावर टेकले. थोड्या वेळानं म्हणाले, "मी निदान भांडू तरी शकलो."

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. अक्का बाहेरच्या पायरीवर बसली होती. आम्हाला बघून उठली. तिनं काही विचारलं नाही, नुसती नानांच्या हातांकडं बघत होती.

"त्यांना नाही म्हणून सांगितलं," नाना म्हणाले.

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नका नाना."

"अगं, खरंच सांगितलं."

तिनं माझ्याकडं बघितलं. "खरं?"

"खरं," मी म्हणाले. "भांडून आलेत."

तेव्हा कुठं अक्का रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मटकन पायरीवर बसून, हमसून हमसून. आई हात पुसत दारात आली आणि तिथंच थांबली. नाना गोंधळले. त्यांना जवळ घेणं बिणं जमायचं नाही. त्यांनी चपला काढल्या, उपरणं काढून घडी केली आणि ते अक्काच्या शेजारी त्याच पायरीवर बसले.

"कुमुद," ते म्हणाले, "नको काय ते कळलं. आता तुला काय पाहिजे ते सांग. सावकाश सांग. मी मधे बोलत नाही."

अक्कानं पदरानं तोंड पुसलं आणि सांगायला सुरुवात केली. नाना खरंच मधे बोलले नाहीत.